बिनकडीची दारं

—नाय, बस तू आधी. लाईट गेलीय, तुझं मशीन काय हवेवर फिरणार हाय का? बस. ही गोणी घे खाली, ओटा गारठलाय. आज थंडी तरी काय, सकाळी समोरचा नळ दिसत नव्हता एवढं धुकं, अन् आता ऊन आलंय तर तेबी कसं, आजारी माणसासारखं, अंगाला लागतच नाय. वारा रामशेज किल्ल्याकडून येतोय, सरळ गल्लीत घुसतो, पत्रे कसे वाजतात ऐक. असल्या वाऱ्यात माझं दार आपलं आपण उघडतं अन् आपलं आपण लागतं. तू म्हणशील, म्हणूनच तर कडी बसवायला बोलावलंय तुला. ते खरं हाय. पण मी नाय बोलावलं. शकीलाबीनं बोलावलं, निवृत्तीनं बोलावलं, गल्लीनं बोलावलं. सगळ्यांच्या बसवून झाल्या ना? माझीच राहिली, अन् लाईट गेली. हसू नको. मी नाय घालवली लाईट.

मघाशी निवृत्तीला तू काय म्हणालास ते ऐकलं मी. म्हणालास, या गल्लीतल्या कड्या काय एकाच दिवशी चोरीला गेल्या का? दाराला नुस्ती भोकं, अन् भोकातून सुतळी. बरोबर हाय, बघणाऱ्याला येडेपणाच वाटणार. मागं भाजी मार्केट, पुढं पेठ रोड, येणारा-जाणारा कोण कसला, अन् ही माणसं दार सुतळीनं बांधून भांडीकुंडी ठेवतात. पण चोरीला नाय गेल्या रे. आम्हीच काढल्या. एका पोरीसाठी काढल्या. चैताली तिचं नाव— तू चहा घे, गार होतोय. शकीलाबीचा चहा हाय, आलं जास्त टाकते ती, मला खोकला हाय ना.

कुठून सांगू? तिची आई आली तिथून सांगतो. मैना. सुरगाण्याकडची. माझ्या समोरची खोली हाय ना, निळ्या दाराची, आता मालकानं नवी कडी बसवून कुलूप ठोकलंय बघ— ती खोली घेतली तिनं. पाठीवर बोचकं, हाताला पोरगी, पाच वर्षांची असंल. अन् खोलीत पाय टाकायच्या आधी बाई मला विचारते, "बाबा, पाना हाय का?" म्हटलं, कशाला गं? तिनं नुस्ता हात पुढं केला. दिला मी. तर तिनं काय केलं— दाराची कडी काढली, कोयंडा काढला, अन् नाल्यावर जाऊन पाण्यात टाकून आली. मालकाची कडी! झालं, गल्लीत चर्चा सुरू. कुणी म्हणे डोक्यानं सरकलेली हाय, कुणी म्हणे नवऱ्याला सोडून आलीय, रात्री कुणी येत असंल म्हणून दार उघडं. माणसाची जीभ, तिला काय लागतं. निवृत्ती तर म्हणाला, "बाबा, लक्ष ठेवा, ही बाई गल्ली बुडवणार."

पोरगी बोलायची नाय. एक शब्द नाय. रडायचीबी नाय. नुस्तं एक करायची— सकाळ झाली की उठायची अन् गल्लीतलं एकेक दार ढकलून बघायची. एका हातानं नाय, दोन्ही तळवे असे लावायची अन् ढकलायची. उघडलं की आत नाय जायची. उघडतंय एवढं बघायचं, पुढच्या दाराला जायचं. अन् एखाद्याचं नाय उघडलं, की तिथंच. दाराकडं तोंड करून बसायची, फटीला तोंड लावून. उठवली तर अंग लाकडासारखं. चड्डीत व्हायचं तिचं तिथंच. बाया बिस्किट घेऊन यायच्या, गोंजारायच्या, "काय झालं गं बाळा तुला, सांग ना, सांग"— प्रेमानंच विचारायच्या, पण जितकं विचारायच्या तितकी ती आत जायची.

शकीलाबीनं काढलं मैनाच्या पोटातलं. कसं काढलं, ठाऊक नाय. मशीनवर पिको-फॉल करते ती, मैना तिच्याकडं दोरे कापायला बसायची. एक दिवस शकीलाबी ओढणीनं डोळे पुसत माझ्याकडं आली. म्हणाली, बाबा, ऐका, मग कुणाला काही बोलू नका.

मैना विंचूरला होती. कांद्याच्या खळ्यावर कांदा निवडायला. नवरा लखन, तो गुजरातेत बांधकामावर. खळ्यामागं मजुरांच्या खोल्या, पुढं रस्ता, रस्त्यावर ट्रकांची ये-जा— एका बाईचं पोर ट्रकखाली जाता जाता वाचलेलं. मग बाया काय करायच्या? सकाळी पोरांना भाकर द्यायची, पाण्याचा तांब्या ठेवायचा, अन् बाहेरून कडी. पोर घरात हाय, कडी लागलीय, जीव शांत. मैना एकटी नाय हां करायची. सगळ्या करायच्या. ज्या आईचं पोरावर जास्त प्रेम, ती कडी दोनदा ओढून बघायची. आत चैताली अन् तिचा भाऊ, रुद्र, चालायला लागलेला नुस्ता. अन् डासांची अगरबत्ती पेटवलेली, कांद्याच्या सालपटात डास लय होतात. ती अगरबत्ती गोधडीवर पडली. जाळ नाय झाला रे, जाळ झाला असता तर कुणी बघितलं तरी असतं. नुस्ता धूर झाला.

पोरगी दार वाजवत होती. हाका मारत होती. अन् लोकांना ऐकू गेलं, बरं का. नंतर सांगितलं त्यांनीच. ऐकू गेलं होतं. पण त्या खोल्यांमधून रोजच पोरं रडायची, रोजच दारं वाजवायची. कानाला सवय झालेली. कोंडलेलं पोर वाजवणारच, म्हणून कुणी उठलं नाय.

मैना आली तेव्हा रुद्र गेलेला. ही वाचली, दाराच्या फटीला तोंड लावून होती म्हणून.

आता तुला कळलं, ती कडी नाल्यात का टाकली.

लखन आला गुजरातेतून, माती झाली, अन् सगळ्यांसमोर म्हणाला बायकोला, "तूच लावली कडी." एवढंच. अन् निघून गेला. खोटं तर बोलला नव्हता ना तो. तिनंच लावली होती.

तुला पोरं हायती का रे? एक मुलगी. केवढी? लहानच म्हण की. अन् मंडळी? कंपनीत, सातपूरला. मग दिवसा पोरगी कुणाकडं?... आं?... बरं. राहू दे. खाली काय बघतो? मी काय बोललो का तुला? चहा पी.

मग दवाखान्यातल्या एक मॅडम होत्या, त्यांच्याकडं न्यायची मैना पोरीला. चांगली बाई. एकदा इथं आली, याच ओट्यावर बसली, तू बसलास तिथं. आम्हाला सगळ्यांना बोलावलं. म्हणाली, हिला काय झालं ते विचारू नका कुणी. सांगायचं तेव्हा सांगंल. अन् म्हणाली, एकट्या आईचं काम नाय हे, आई स्वतःच बुडालीय. हिला रोज तीच ती माणसं दिसली पाहिजेत, रोज तसंच वागली पाहिजेत. मी म्हटलं, मॅडम, आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय जमतंय? म्हणाली, बाबा, तुम्ही रोज सकाळी ओट्यावर बसता ना? बसत राहा. हसलो मी. आयुष्यभर मार्केटमध्ये टमाट्याची कॅरेट उचलली, बसायचं काम पहिल्यांदाच कुणी दिलं.

अन् मॅडम गेल्यावर शकीलाबी उठली. घरात गेली, पाना आणला, अन् आपल्या दाराची कडी काढली. कुणाला काही न विचारता. नवरा बद्रुद्दीन बघत राहिला, म्हणे, "अगं घरात मशीन हाय, गिऱ्हाइकांच्या साड्या हायत." म्हणाली, "तुम्ही झोपा मशीनवर डोकं ठेवून." दुसऱ्या दिवशी मी काढली. माझ्याकडं काय, चोर आला तर मलाच काहीतरी देऊन जाईल. मग हळूहळू एकेकानं. बाहेर जाताना सुतळीची सरकगाठ, अशी की पोरीनं ढकललं तर सुटावी. निवृत्तीनं नाय काढली. काढली म्हणजे, काढून दाखवली, अन् आतून वीट लावायला लागला. रिक्षा चालवतो, रोजची कमाई घरात, नवा टीव्ही घेतलेला, त्याचंबी बरोबर होतं. पण पोरीनं ढकललं अन् दार हललं नाय. बसली दाराशी. निवृत्ती धंद्यावर, बायको मागच्या दाराला कुलूप लावून बाजाराला गेलेली. दुपारपर्यंत बसली. निवृत्ती जेवायला आला तर ती तशीच, ओली, ओठ फटीला. तो माणूस आत गेला मागनं, वीट काढली, दार उघडलं, अन् तिच्यासमोर उंबऱ्यावर मांडी घालून बसला. जेवला नाय, धंद्याला गेला नाय. संध्याकाळी तिनं उठून परत एकदा त्याचं दार ढकललं. उघडलं. मग घरी गेली.

ती वीट अजून हाय माझ्याकडं. त्यानंच आणून टाकली, म्हणे, बाबा, पाण्याचा रांजण टेकवा हिच्यावर.

असं चाललं. मैना परत कामाला जायला लागली, द्राक्षाच्या बागेत, छाटणीला, विरळणीला. पोरगी गल्लीत. हळूहळू दार ढकललं की आत जायला लागली. शकीलाबीकडं चिंध्या वेचायची, निवृत्तीकडं टीव्ही, माझ्याकडं— माझ्याकडं काय हाय? माझ्याजवळ नुस्ती बसायची. मी शेंगा फोडायचो, ती टरफलं एका ओळीत लावायची. बायको गेल्यापासून माझ्या घरात दुसऱ्या माणसाचा श्वास नव्हता. तर तो होता. अन् तिच्यामुळं दुसरी पोरंबी यायला लागली. मग कामाला जाणाऱ्या बाया म्हणायला लागल्या, बाबा, माझंबी बसू द्या. गल्लीत ठरूनच गेलं, पोर आत अन् कडी बाहेरून असं इथं करायचं नाय. कुणी ना कुणी घरी असतंच.

पण बोलायची नाय. ते नाय झालं. दोन उन्हाळे गेले. मॅडम म्हणायच्या, बोलंल. शकीलाबी म्हणायची, का बोलंल? हाका मारल्या होत्या ना तिनं. कुणी आलं का?

श्रावणातली गोष्ट. झड लागलेली. सगळ्यांच्या मोरीचं दार हाय ना तिकडं, लाकडाचं, ते पाण्यानं फुगतं. कडी त्यालाबी नव्हती, पण फुगलेल्या दाराला कडी कशाला लागते? पोरगी आत गेली अन् दार बसलं. अडकलं. मी इथं ओट्यावर, पत्र्यावर पाऊस एवढा की स्वतःचा खोकला ऐकू येईना. अन् आवाज आला. "बाबाऽऽ!" कुणाचा आवाज, मला ओळखूच आला नाय, कधी ऐकला असंल तर ना! पण मी उठलो. अन् बघतो तर शकीलाबी आपल्या दारातून, हातात कुणाची तरी साडी तशीच, पावसात ओढत. तिच्या मागं बद्रुद्दीन, एक चप्पल पायात. निवृत्ती दाढी करत होता, अर्ध्या तोंडाला साबण, बनियानवर. त्याची बायको कणकेच्या हातानं. पळत. सगळे पळत. निवृत्तीनं खांदा मारला, दार मोडूनच पडलं, अन् तो दारासकट आत. पोरगी कोपऱ्यात. आम्ही सगळे दारात ओले. अन् ती निवृत्तीच्या तोंडाकडं बघत राहिली, साबणाकडं, अन् हसली. हसली रे.

त्या दिवसापासून तिला खेळ लागला. दिवसातून कितीदातरी— "बाबाऽऽ!" गेलो की काही नसायचं. नुस्ती बघायची. "शकीलाचाचीऽऽ!" मशीन थांबवून ती उठणार. "निवृत्तीकाकाऽऽ!" निवृत्ती म्हणायचा, "ही पोरगी पोलिसात गेली पाहिजे, गल्लीला कवायत लावलीय." पण उठायचा. जेवणाच्या ताटावरनं उठायचा. शकीलाबीनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं— हाक आली की आधी 'ओ' द्यायची, मग उठायचं. 'थांब' म्हणायचं नाय, 'काय कटकट हाय' म्हणायचं नाय. ती तपासतेय, तपासू दे. दारं तपासली, आता माणसं तपासतेय. कंटाळा यायचा रे, खोटं कशाला बोलू. माझे गुडघे. पण 'ओ' चुकली नाय.

अन् मग लखन आला. दसऱ्याच्या सुमाराला. गल्लीच्या तोंडाशी बसून राहिला, आत यायची हिंमत नाय. वाळून गेलेला माणूस. मैना कामावरनं आली, तिनं बघितला. मग मैनानं त्याला भाकर वाढली, अन् तो जेवता जेवता असा रडला की मी उठून आत गेलो. बघवंना. म्हणाला, भात कापायला आलाय, आई थकलीय, घरी चला. बापच तो. आम्ही कोण अडवणार? जीप आली. पोरीनं जायच्या आधी सगळ्या गल्लीची दारं ढकलली, एकेक, शेवटची. माझं ढकललं अन् म्हणाली, "बाबा, असंच ठेव."

असंच ठेवलंय.

मैनाचा फोन लागत नाय. तिकडं डोंगरात रेंज नाय, निवृत्ती म्हणतो. मी जीपवाल्यांना विचारतो नाक्यावर, सुरगाण्याच्या जीपा येतात ना— चैताली नावाची पोरगी, आईचं नाव मैना. ते म्हणतात, बाबा, कोणत्या पाड्यावरची? मला पाड्याचं नाव ठाऊक नाय. कधी विचारलंच नाय आम्ही. बोलू नका विचारू नका म्हणता म्हणता तेवढं विचारायचं राहिलं.

तिनं यायलाच पाहिजे असं काय नाय रे. ती सुखात असंल तर नको येऊ दे. पण समज आली. समज तिकडं परत काही झालं, अन् आईनं बोचकं उचललं अन् आली. अन् तिनं तळवे लावले माझ्या दाराला, अन् ते हललं नाय. मग? तू सांग, मग?

तुला निवृत्तीनं सांगितलं असंल, चोऱ्या होतात म्हणून. पण चोऱ्यांसाठी नाय हे कड्या बसवायचं ठरलं. बाजूच्या गल्लीत गेला एखादा सिलेंडर, पण ते निमित्त. माझ्यामुळं ठरलं. थंडीत दार उघडं ठेवून झोपतो, खोकला छातीत उतरला, दवाखान्यात ठेवलं मला. अन् दुसरं एक— मी भर दुपारी उठतो म्हणे. ओट्यावरनं उठतो अन् "ओ" म्हणतो, मोठ्यानं, अन् मोरीकडं चालत जातो. दोघा-तिघांनी बघितलं. मला वाटतं हाक आली. मला येतेच रे ऐकू. हे लोक एकमेकांकडं बघतात. मग यांनी ठरवलं, सगळ्यांच्या बसवू, म्हणजे बाबाला एकट्याला वाईट वाटायला नको. मला कळत नाय होय? लहान पोराला औषध पाजताना आई आधी स्वतः चाटून दाखवते, तसं.

आली लाईट. बल्ब लागला बघ. चला, तुझी सुटका झाली.

नाय, नाय म्हणत नाय मी. उचल मशीन. फक्त आतल्या बाजूला बसव. बाहेरून कोयंडा नको, भोकसुद्धा नको पाडू. अन् जोर लावला तर सुटंल अशी बारीक बसव. अन् ऐक, उद्या कामाला निघताना पोरीला इकडं आण. लाजू नको. तुझ्या घराची कडी तू बाहेरूनच लावतो, ते तू खाली बघितलंस तेव्हाच कळलं मला. इथं टीव्ही हाय, चिंध्या हायत, शेंगा हायत. मी बसलेलोच हाय, मला कामच ते दिलंय. आण तिला. आता जा, आटप तुझं. सकाळी मी शकीलाबीवर ओरडलो होतो या कडीपायी, आयुष्यात पहिल्यांदा. ती चिडली नाय. या थंडीत इथं उंबऱ्यावर बसली, माझा हात धरला, अन् म्हणाली, "बाबा, लावू द्या कडी. पोरगी आली अन् दार बंद दिसलं, तर हाक मारंल की. आता तिला ठाऊक हाय, हाक मारली की कुणीतरी येतं."